शूटिंगवाले कुत्रं किंवा पिल्लू मागायला आले तर

कापूस वेचणी जोरात आली की आपल्या विदर्भात शूटिंगच्या गाड्याही दिसायला लागतात. उन्हाळ्यात इकडं कोणी फिरकत नाही, पण दिवाळी ते होळी या काळात मालिकेचं एखादं युनिट, वेबसिरीजवाले, गाण्याचा अल्बम करणारी पोरं, युट्यूबचे वऱ्हाडी विनोदी भाग असं काही ना काही चालूच असतं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या जिल्ह्यांत, तर नाटकांचाही हाच हंगाम. ओसरी, कवेलूचं घर, बंडी, विहीर हे सगळं त्यांनी आधी बघून ठेवलेलं असतं. कुत्र्याची आठवण मात्र आदल्या रात्री होते. प्रॉडक्शनचा पोरगा दारात येतो आणि म्हणतो, "भाऊ, सकाळी दोन घंट्यासाठी तुमचा मोत्या पाहिजे. नाहीतर ते पिल्लं द्या ना, लय गोड हायेत."

आपण हो म्हणून मोकळे होतो. घरातलं कुत्रं टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर पोट्टे नाचायलाच लागतात. पशुधन पर्यवेक्षकाच्या नोकरीत असल्यामुळे अशा 'दोन घंट्यां'नंतर दवाखान्यात आणलेली जनावरं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय. नकारच द्या, असं माझं म्हणणं नाही. पण त्या सेटवर दिग्दर्शकाला शॉट हवा असतो, कॅमेरावाल्याला उजेड हवा असतो आणि कुत्र्याच्या बाजूनं 'बस झालं' म्हणणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं. तेव्हा गाडी दारात यायच्या आधीच काही गोष्टी ठरलेल्या बऱ्या.

कोणतं जनावर द्यायचंच नाही

गाभण कुत्री, आजारी किंवा जखमी कुत्रं यांना कामाला लावू नये, असं केंद्र सरकारच्या २००१ च्या प्रदर्शनीय प्राणी (म्हणजे खेळ-चित्रीकरणात वापरायची जनावरं) नोंदणी नियमांतच आहे. त्यात माझी भर अशी: नुकतीच व्यायलेली कुत्री, माजावर आलेली कुत्री, पूर्वी कोणाला चावलेलं कुत्रं आणि रेबीजची लस न टोचलेलं कुत्रं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रंही देऊ नका. त्याला अनोळखी माणसांची सवय नसते. सेटवर चाळीस माणसं बघून ते एक तर गोठून बसेल, नाहीतर तुटून पडेल.

वावरात जागलीला असणाऱ्या कुत्र्याबाबत मी जरा जास्तच कडक आहे. रात्री रानडुकरांवर आणि रोह्यांवर (नीलगायींवर) भुंकणं हे त्याचं काम. सेटवर जनरेटरच्या आवाजाला, काठी उगारण्याच्या नाटकाला ते एकदा बिचकलं, तर मचाणाखालून हलेनासं होतं. हंगामात असं कुत्रं गमावणं परवडत नाही.

पिलांचा हिशोब वेगळा

सगळ्यात जास्त मागणी पिलांना असते आणि सगळ्यात जास्त नुकसानही त्यांचंच होतं. म्हणून इथं थोडं थांबतो.

पिलाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, ते आईच्या आणि भावंडांच्या उबेवर जगतं. डिसेंबरातल्या सकाळी असं पिल्लू टोपलीत घालून कोणाच्या तरी हातात देणं म्हणजे त्याला सरळ थंडीत टाकणं. चार ते सहा आठवड्यांत ते हळूहळू दूध सोडतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी मनाई केली आहे, आणि आईपासून तोडायलाही मी तीच मर्यादा धरतो. त्या आतलं पिल्लू हवं असेल तर कॅमेऱ्यानं गोठ्यात यावं. पिल्लू कॅमेऱ्याकडं जाणार नाही. आई शेजारी असेल, माणसं दोन-तीनच असतील, आणि आई गुरगुरली की काम थांबेल.

आठ आठवड्यांनंतर प्रश्न लसीचा येतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. हे पुरं होईपर्यंत पार्व्होची भीती असते. रक्ताची हगवण लागून पिल्लं पटापट जातात ती याच रोगानं. याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. सेटवर बाहेरगावची कुत्री आलेली असतील, एकाच भांड्यातून सगळी पाणी पीत असतील, तर तिथं अर्धवट लस झालेलं पिल्लू न्यायचं नाही.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जग ओळखत असतं. या काळात जे प्रेमानं भेटेल ते त्याला आपलं वाटतं आणि ज्याची दहशत बसेल ती बऱ्याचदा आयुष्यभर राहते. शॉटमध्ये टाळ्या, हुर्रे, हातातून हातात फेकाफेकी असेल, तर पुढं माणसांना घाबरणारं कुत्रं तयार होतं. आणि घाबरणारं कुत्रं चावतं.

मालिकेच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. पिल्लू फार लवकर वाढतं. सहा आठवड्यांचं आणि दहा आठवड्यांचं पिल्लू शेजारी ठेवलं तर एकाच विणीतली भावंडं वाटत नाहीत. कथेत एकच आठवडा असतो आणि शूटिंग मात्र महिनाभर चालतं. मग सारखी दिसणारी पिल्लं बदलत राहावी लागतात. म्हणूनच "एकाच रंगाची चार द्या" अशी मागणी येते. मोठी झालेली पिल्लं कुठं गेली, हे पडद्यावर कधी दिसत नाही. तेव्हा तोंडावर विचारा: शूटिंग किती दिवसांत पसरलंय, किती पिल्लं लागणार, आणि नंतर प्रत्येक पिल्लू कोणाच्या घरी जाणार? "आम्ही सांभाळू" हे उत्तर धरू नका. माणसाचं नाव आणि गाव सांगितलं तरच ते उत्तर. यावर सोपा उपायही आहे आणि बहुतेक दिग्दर्शक तो ऐकतात. पिलाचे सगळे प्रसंग एकाच सकाळी उरकून घ्यायचे आणि बाकी ठिकाणी नुसता आवाज किंवा कापडात गुंडाळलेलं खेळणं वापरायचं.

प्रसंग आधी ऐकून घ्या

"नुसतं बसायचंय त्याला" यावर थांबू नका. आधी काय होतं, नंतर काय होतं, आजूबाजूला कोण असतं, फटाके आहेत का, पाऊस पाडणार आहेत का, मारामारी आहे का, हे सगळं विचारा. बहुतेक प्रसंग कुत्र्याला काही न करताही घेता येतात. युनिटला ते माहीतही असतं, फक्त वेळ वाचवायचा असतो.

झोपलेलं पिल्लू हवं असेल तर त्याला पोटभर खाऊ घाला, अर्धा तास खेळवा आणि वाट बघा. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतंच. मेलेलं कुत्रं दाखवायचं असेल तरी झोपेचाच शॉट घेऊन काम भागतं. कोणी गोळी द्यायची भाषा केली तर तिथंच उठून या. डॉक्टरनं उपचारासाठी दिलेली भूल सोडून कोणतंही गुंगीचं औषध देऊन काम करून घेणं नियमात बसत नाही, आणि माणसाच्या गोळीचा डोस लहान जनावरात किती चढेल याचा नेम नाही.

पळणारं कुत्रं हवं असेल तर घरातलं एक माणूस पलीकडं उभं करा आणि अलीकडून सोडा. मागं दगड घेऊन धावायची काही गरज नसते. भुंकणं, विव्हळणं, फटाक्याचा बार हे सगळं नंतर आवाजात टाकतात. दोन कुत्र्यांची झुंज कधीच प्रत्यक्ष लावायची नाही. दोघांना वेगवेगळं खेळताना घेतात आणि संकलनात जोडतात. रडणाऱ्या कुत्र्यासाठी डोळ्यांत काहीही घालू द्यायचं नाही. भुकेलं दिसावं म्हणून उपाशी ठेवायचं नाही, हेही नियमांत स्पष्ट आहे.

खोट्या रक्ताकडं मात्र बारीक लक्ष द्या. ते बहुधा गोड पाकाचं असतं आणि कुत्रं ते चाटणारच. त्यात चॉकलेट किंवा साखरेऐवजी वापरतात तो झायलिटॉल असेल तर कुत्र्याला विषबाधा होते. काय घातलंय ते विचारा. रंग, गुलाल, कपाळावर लावायचा लेप यांच्या बाबतीतही तेच.

कागद काय मागायचा

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात प्रदर्शनीय प्राण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याखालचे २००१ चे नियम चित्रीकरणालाही लागू होतात. त्यानुसार प्राण्याची नोंदणी आणि चित्रीकरणाची आगाऊ माहिती भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडं द्यायची असते. जनावर कोणतं, वय किती, काय करून घेणार, किती वेळ आणि ते जनावर का लागतं, हे सगळं त्यात येतं. सोबत पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे मंडळ १९६२ साली स्थापन झालं, आता त्याचं मुख्यालय हरियाणात बल्लभगडला आहे.

चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तिथं मंडळाचा ना-हरकत दाखला विचारला जातो. मालिकेला किंवा युट्यूबच्या भागाला प्रसारणापूर्वी अशी चौकी लागत नाही. त्यामुळं गावातल्या छोट्या युनिटकडं बहुधा हा कागद नसतो. आदल्या रात्री कुत्रं मागणाऱ्याकडं तर नसणारच. "मंडळाची परवानगी दाखवा" एवढं म्हणा, मोबाईलमध्ये असली तरी चालेल. नसेल तर कुत्र्याशिवाय शॉट घ्या म्हणावं. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग तोच.

आपल्या भागाला हा वाद तसा नवा नाही. शंकरपटावरून, म्हणजे बैलांच्या शर्यतींवरून, किती वर्षं कोर्टकचेरी चालली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वादात ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला: भूक-तहान नको, भीती नको, अंगाला त्रास नको, दुखापत-रोग नको आणि स्वभावाप्रमाणं वागायची मुभा हवी. पुढं कायद्यात दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये शर्यती अटींसह कायम झाल्या, तरी ही पाच बोटं मोजायला अजूनही सोयीची आहेत. प्रसंग ऐकताना मनात मोजून बघा.

अजून एक. मालकानं पुरेशी काळजी आणि देखरेख ठेवली नाही तर क्रूरतेचा गुन्हा त्याच्यावरही येतो. "मी तर फक्त दिलं, करणारे ते होते" हे चालत नाही.

चिठ्ठी लिहून घ्या

स्टँपपेपर असला तर बरं, साधा कागदही चालेल. खाली दोन साक्षीदार. मजकूर असा ठेवता येईल:

"माझं कुत्रं (नाव, रंग, वय) दि. ___ रोजी सकाळी ७ ते १० या वेळेत ___ येथे चित्रीकरणासाठी देत आहे. ठरलेले प्रसंग: ___. याव्यतिरिक्त काही करून घेतलं जाणार नाही. मी पूर्ण वेळ कुत्र्याजवळ राहीन. मी थांबा म्हटल्यावर काम थांबेल व त्यासाठी मानधन कापलं जाणार नाही. गुंगीचं औषध, फटाके, आग, उपाशी ठेवणं चालणार नाही. दुखापत किंवा आजार झाल्यास पुढील पंधरा दिवसांचा उपचारखर्च निर्माता देईल. कुत्रं त्याच दिवशी परत मिळेल."

यातलं पैशाचं वाक्य खोडू देऊ नका. शॉट ओके झाल्यावर पैसे असं ठरलं, तर आठव्या-नवव्या टेकला तुम्हीच मोत्याची मान धरून ओढायला लागाल. पैसे वेळेचे घ्या, शॉटचे नको. निम्मे आधी हातात आले तर नाही म्हणायलाही जोर येतो.

सेटवरचा दिवस

आदल्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून आणा. गोचीड काढा. लसीचं कार्ड खिशात ठेवा. घरचं भांडं, घरचं पाणी, एक जुनं गोणपाट आणि उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीचे बारीक तुकडे सोबत घ्या. युनिटची बिस्किटं आणि चॉकलेट नको.

वेळेबाबत घासाघीस करा. थंडीत सकाळी ऊन पडल्यावर ते दहा-अकरापर्यंत ठीक. मार्च उजाडला की नऊच्या आत आटपा. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, तर विषयच नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकूनच थंड होतं. डांबरावर किंवा फरशीवर उलटा हात सात सेकंद ठेवून बघा. हात काढावासा वाटला तर पंजेही तिथं ठेवायचे नाहीत. लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल पडल्या, चाल डगमगली, तर ऊन लागलं समजा. सावलीत न्या, साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला, घोट घोट पाणी द्या आणि दवाखाना गाठा. बर्फ लावू नका.

दिव्यांचा नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. कृत्रिम उजेडात काम असेल तर तो ५०० लक्सच्या वर नको. एवढा उजेड म्हणजे साधारण एखाद्या लख्ख कचेरीचा. शूटिंगचे मोठे दिवे हा आकडा सहज ओलांडतात, नाटकाच्या स्टेजचेही. मोबाईलमध्ये उजेड मोजायचं फुकट अॅप मिळतं, ते कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीवर धरा. बहुतेक वेळा यातून एकच निघतं: कुत्र्याचे शॉट दिवसाच्या उजेडात घ्यायचे. मुद्दाम मोठा आवाज करणं, आगीजवळ नेणं आणि विश्रांती न देता टेकवर टेक घेणं यालाही त्याच नियमांत मनाई आहे.

आता कुत्र्याकडं बघायला शिका. मागच्या हंगामात एका वाड्यात शूटिंग बघत होतो. अंगणाच्या मधोमध तपकिरी रंगाचं गावठी कुत्रं बसवलेलं, समोर कॅमेरा, बाजूला पांढरा कागद लावलेला पत्रा. चौथ्या टेकला त्यानं भलीमोठी जांभई दिली. कॅमेऱ्याजवळचा पोरगा हसला, "याले झोप येऊन रायली." झोप नव्हती ती. मग त्यानं दोनदा नाक चाटलं, मान वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसायला लागली. मालकीणबाई कठड्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि "याले सोडा आता, पाणी पिऊ द्या," म्हणून सरळ दावं सोडून घेऊन गेल्या. कोणी काही बोललं नाही. वीस मिनिटांनी ते आपणहून शेपूट हलवत अंगणात आलं आणि एका टेकमध्ये शॉट झाला.

जांभई, नाक चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, कान मागं, शेपूट पोटाखाली, गारठा नसताना थरथर हा साधारण क्रम. पुढची पायरी गुरगुर, तिच्या पुढची चावा. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नका. ते बंद केलं तर ते पुढच्या वेळी न सांगता चावेल. बालकलाकार असेल तर त्याला कुत्र्याच्या गळ्यात पडू देऊ नका, शेजारी बसवा.

काही झालंच तर

माणसाला चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. लसीचं कार्ड असलं तरी डॉक्टर सांगतील ते सगळे डोस घ्यायचे. युनिटचं नाव खराब होईल म्हणून चावा लपवू देऊ नका.

कुत्र्याला लागलं तर आधी व्हिडिओ, मग दवाखाना. गावात सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करता येतो. मोठं काही असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. डॉक्टरकडून दुखापतीची नोंद लेखी घ्या. कुत्रं मेलं तर घाईनं पुरू नका, शवविच्छेदन करून घ्या. तक्रार पोलीस ठाण्यात आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडं द्या. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, एका कॅनच्या पाण्याइतका. म्हणून ठार मारलं किंवा अपंग केलं असेल तर तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ चा उल्लेख आवर्जून करा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

पोरांच्या रीलबद्दल दोन शब्द

युनिट गेल्यावर गावातली पोरं तेच मोबाईलवर करून बघतात. खेळण्यातला वाघ कुत्र्यासमोर ठेवून ते कसं पळतं याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत बिबट खरोखर कुत्री उचलतो. तिथलं कुत्रं हे बघून जीव घेऊन पळतं, रस्त्यावर गाडीखाली जातं किंवा वाटेत येईल त्याला चावतं. हे थांबवायला कायदा काढायची गरज नाही, पोराचा मोबाईल काढून घेतला तरी पुरतं.

घरी आल्यावर आणि प्रसारणानंतर

सेटवर दुसरी कुत्री असतील तर दोन आठवडे आपल्या कुत्र्याला घरातल्या पिलांपासून वेगळं ठेवा. पातळ हगवण, उलटी, खाणं सोडणं यावर लक्ष ठेवा. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड तपासा. दोन दिवस त्याला पाहुण्यांपासून लांब, नेहमीच्या जागी पडू द्या.

भाग दिसला की फोन सुरू होतील. वाढदिवसाला कुत्रं द्या, नाटकात स्टेजवर आणा. नाही म्हणा. काही जणांना "टीव्हीत होतं तसंच" पिल्लू हवं असेल. २००३ मध्ये हच मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या त्या कुत्र्याला धड श्वास घेता येत नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. तुमच्या गावठी कुत्रीची पिल्लं मात्र इथल्या उन्हाला सरावलेली असतात. ती मागायला कोणी आलं तर आठ आठवडे पूर्ण होऊ द्या, लसीचं कार्ड हातात द्या, आणि पिल्लू ज्या घरी जाणार तिथं सावली, पाणी आणि मोकळं सोडायला जागा आहे का हे एकदा जाऊन बघून या.